गाव विद्यापीठाचं, वेळापत्रकही त्याचंच

अमेरिकेतल्या विद्यापीठाचं प्रवेशपत्र आलं की घरातला पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘न्यूयॉर्कपासून किती लांब?’ उत्तर ऐकून बरेचदा नातेवाइकांचे चेहरे पडतात. पर्ड्यू विद्यापीठाचं वेस्ट लाफायेट इंडियाना राज्यात आहे. शिकागो तिथून साधारण २०० किलोमीटर, इंडियानापोलिस शंभरेक किलोमीटर, आणि वाटेत दोन्ही बाजूंना मका नाहीतर सोयाबीन. आयोवा स्टेटचं एम्स, पेन स्टेटचं स्टेट कॉलेज, व्हर्जिनिया टेकचं ब्लॅक्सबर्ग ही गावंही मोठ्या शहरांपासून अशीच दूर. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते आणि या संख्येत भारताने चीनला मागे टाकलं. त्यांतल्या अनेकांचा पहिला अमेरिकी पत्ता अशाच एखाद्या गावातला असतो.

पुण्या-मुंबईतून जाणाऱ्याला वाटतं, गाव लहान आहे, म्हणजे बस्तान बसवणं सोपं. तिथे गाडी अडते. घरभाडं, बस, हॉटेल, दुकानांच्या वेळा असं या गावातलं सगळं विद्यापीठाच्या वेळापत्रकावर चालतं. ते आधी वाचून गेलेला लवकर रुळतो, बाकीच्यांचं पहिलं वर्ष धावपळीत जातं.

शेतांमध्ये विद्यापीठ कसं आलं?

२ जुलै १८६२ रोजी, यादवी युद्ध चालू असताना, अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी मॉरिल कायद्यावर सही केली. प्रत्येक राज्याला संसदेतल्या त्याच्या दर सदस्यामागे ३० हजार एकर जमीन द्यायची आणि तिच्या विक्रीतून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालयं उभारायची, असा तो कायदा होता. ही जमीन मूळ अमेरिकी जमातींकडून घेतलेली होती, हेही या इतिहासात नोंदवायला हवं. पर्ड्यूची स्थापना १८६९ ची. जॉन पर्ड्यू या व्यापाऱ्याने दीड लाख डॉलर दिले आणि संस्थेला त्याचं नाव मिळालं. जुनं लाफायेट वॉबॅश नदीच्या एका काठावर, विद्यापीठाभोवती वाढलेलं वेस्ट लाफायेट दुसऱ्या. चंद्रावर पहिलं पाऊल ठेवणारे नील आर्मस्ट्राँग इथलेच पदवीधर. त्यामुळे गावाचं नाव कुणी ऐकलेलं नाही, एवढ्यावरून विद्यापीठाची पारख करू नये.

मराठी माणसालाही ही वाट नवी नाही. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे शंभरेक वर्षांपूर्वी शेतीशास्त्र शिकायला ऑरेगॉनमधल्या कॉर्व्हॅलिसला आणि वॉशिंग्टन राज्यातल्या पुलमनला गेले होते. ही दोन्ही महाविद्यालयं याच कायद्याच्या आधाराने चालणारी. त्याच काळात ते गदर चळवळीत होते. पुढे मेक्सिकोत शेतीतज्ज्ञ म्हणून त्यांनी नाव कमावलं आणि चित्रकार दिएगो रिव्हेरा यांच्या भित्तिचित्रातही ते दिसतात.

घर: शोध आदल्या वर्षी सुरू होतो

२०२० च्या जनगणनेत वेस्ट लाफायेटची लोकसंख्या ४५ हजारांच्या आसपास होती. पर्ड्यूच्या तिथल्या आवारात आज ५० हजारांहून अधिक विद्यार्थी शिकतात. काही वसतिगृहांत, काही नदीपलीकडे राहतात. अशा गावातला घरांचा बाजार मागणीप्रमाणे रोज हलत नाही, वर्षातून एकदाच हलतो. भाडेकरार बहुधा बारा महिन्यांचा, ऑगस्टच्या मध्याला सुरू होऊन पुढच्या जुलै-ऑगस्टमध्ये संपणारा. चांगली घरं आदल्या हिवाळ्यापर्यंत ठरून जातात. एप्रिलमध्ये प्रवेश निश्चित झालेल्याच्या वाट्याला उरलेली घरं येतात. जुना करार संपणं आणि नवा सुरू होणं यांत काही दिवसांची फट पडते. त्या दिवसांत सामान मित्राच्या गाडीत आणि अंथरूण कुणाच्या तरी हॉलमध्ये, हे दृश्य दर ऑगस्टला दिसतं.

करारावर सही करण्याआधी एक गोष्ट जरूर पाहावी. करार माणशी आहे की अख्ख्या घराचा? अख्ख्या घराचा असेल तर एक रूममेट मध्येच निघून गेल्यावर त्याचं भाडं उरलेल्यांच्या डोक्यावर बसतं. आणखी एक नियम भारतीयांना चकित करतो. अनेक कॉलेज-गावांत, नात्यात नसलेल्या किती जणांनी एका घरात राहायचं याला मर्यादा असते. न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवरच्या बेल टेर या खेड्यात स्टोनी ब्रूक विद्यापीठाच्या सहा विद्यार्थ्यांनी एक घर भाड्याने घेतलं. तिथे दोनाहून अधिक बिगरनात्याच्यांना मनाई होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७४ मध्ये न्यायालयाने गावाच्या बाजूने कौल दिला. म्हणून ‘आणखी एक गादी टाकू’ हा आपला उपाय तिथे महागात पडू शकतो.

अमेरिकेत पतइतिहास नसल्याने घरमालक जामीनदार किंवा जादा अनामत मागतो. विमानातून उतरण्याआधी, घर न पाहता अनोळखी माणसाला पैसे पाठवू नयेत. किल्ली हातात आली की भिंती, गालिचा, शेगडी यांचे तारखेसह फोटो काढून मालकाला ईमेल करावेत. घर सोडताना अनामत परत मिळवायला तेच कामी येतात.

बस, थंडी आणि फोडणी

सत्र चालू असताना बसची सोय चांगली असते. एम्समध्ये आयोवा स्टेटचे विद्यार्थी सायराइडच्या बसने तिकीट न काढता फिरतात, खर्च फीमधूनच जातो. पण सत्र संपलं की अशा गावांत फेऱ्या कमी होतात. गावाबाहेर जायचं तर आणखी अवघड. लाफायेटला थांबणारी अ‍ॅमट्रॅकची कार्डिनल रेल्वेगाडी आठवड्यातून तीनच दिवस धावते. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगचा सण येतो. गाव रिकामं होतं, खाणावळी बंद होतात आणि नव्या विद्यार्थ्याला एकटेपण पहिल्यांदा जाणवतं. त्या आठवड्याचा किराणा आणि सोबत दोन्ही आधी ठरवावी. मिडवेस्टातले विद्यार्थी कुणाच्या तरी गाडीतून शिकागोच्या डेव्हॉन अ‍ॅव्हेन्यूला जाऊन पोहे, गोडा मसाला आणि डाळी भरून आणतात.

थंडीसाठीचा जाड कोट पुण्यातून नेऊ नये. तिथल्या वाऱ्याला पुरेल असा कोट आणि बर्फात न घसरणारे बूट तिथेच घ्यावेत. फोडणी करताना मात्र जपून. धुराचा भोंगा वाजला की वसतिगृहातली सगळी इमारत बाहेर उभी राहते, कधी अग्निशमन दलही येतं. वसतिगृहांत ज्योत पेटवायला बंदी असते, म्हणून गणपतीपुढे समई विजेची. मिडवेस्टात वादळाचा भोंगा महिन्यातून एकदा चाचणीसाठी वाजतो, तेव्हा घाबरून जाऊ नये.

कागदपत्रं आणि पाहुणे

विद्यार्थ्यांच्या एफ-१ व्हिसावर अभ्यासक्रम सुरू होण्याच्या तीस दिवस आधीपासून अमेरिकेत प्रवेश करता येतो. सत्रात काम आवारातच आणि आठवड्याला वीस तासांपर्यंत. गावातल्या रेस्टॉरंटमधलं रोखीचं काम व्हिसा घालवू शकतं. पत्ता बदलला तर दहा दिवसांत कळवावा लागतो. वर्षभर कमाई झाली नसली तरी कर खात्याकडे फॉर्म ८८४३ पाठवायचा असतो. कमाई असेल तर विवरणपत्र अनिवासींसाठीच्या नमुन्यातच भरावं. प्रचलित करसॉफ्टवेअर बहुधा निवासींचा नमुना पुढे करतं, म्हणून सावध राहावं. भारत-अमेरिका कर कराराच्या कलम २१ मुळे भारतीय विद्यार्थ्याला प्रमाणित वजावट मिळते. ही सवलत बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना नाही, आणि आपल्या अनेकांना ती ठाऊकही नसते.

आजारपणात आधी विद्यापीठाचं आरोग्यकेंद्र, मग अर्जंट केअर, आणि जिवावरचं असेल तर थेट इमर्जन्सी. हा क्रम पाळला की बिल आवाक्यात राहतं. दातांची कामं मात्र निघण्याआधी भारतातच उरकावीत, कारण विद्यार्थ्यांच्या आरोग्यविम्यात दात बहुधा धरलेले नसतात.

पालक भेटीला येणार असतील तर आधी फुटबॉलचं वेळापत्रक पाहावं. स्टेट कॉलेजची वस्ती सुमारे ४० हजार, पण तिथल्या बीव्हर स्टेडियमची क्षमता लाखाहून अधिक. सामन्याच्या शनिवारी गावाचं आषाढी एकादशीचं पंढरपूर होतं, हॉटेलचे दर अनेक पटींनी चढतात आणि खोली मिळाली तरी दोन रात्रींचं भाडं घेतात. मे महिन्यातल्या पदवीदान समारंभालाही हेच. पदवीची तारीख कळली, की विमानाच्या तिकिटाआधी खोली राखून ठेवावी.

मोठ्या शहरात न मिळणारं एक सुख इथे आहे. प्राध्यापक किराणा दुकानात भेटतात, ग्रंथालय घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असतं आणि भारतीय विद्यार्थी संघटनेचे सीनियर बरेचदा विमानतळावर घ्यायला येतात. त्या संघटनेला निघण्याच्या महिनाभर आधी लिहावं. प्रवेश निश्चित झाला, की विद्यापीठाचं शैक्षणिक कॅलेंडर, बसचं उन्हाळी वेळापत्रक आणि भाडेकराराचा नमुना या तीन गोष्टी आधी वाचा. नियम बदलत राहतात, म्हणून व्हिसाचा प्रश्न पडला तर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर न विचारता इंटरनॅशनल ऑफिसला विचारा.