‘कार्यक्षमता’ आणि ‘वीजनिर्मिती’ : दोन संज्ञांचा विचार

शालेय पदार्थविज्ञानात ऊर्जेची व्याख्या ‘कार्य करण्याची क्षमता’ अशी केली जाते. याच दोन शब्दांचा समास केला असता ‘कार्यक्षमता’ हा शब्द सिद्ध होतो. परंतु शास्त्रात त्याचा अर्थ ऊर्जा असा नाही. यंत्रास पुरविलेल्या ऊर्जेशी उपयुक्त ऊर्जेचे जे गुणोत्तर, ती कार्यक्षमता होय. ऊर्जा ज्यूलमध्ये मोजतात. कार्यक्षमतेस एककच नाही.

‘वीजनिर्मिती’ या संज्ञेनेही असाच घोटाळा संभवतो. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पश्चिमेस पोफळीच्या भूमिगत वीजगृहात उतरते, तेव्हा नवी ऊर्जा उत्पन्न होत नाही. पाण्याच्या स्थितिज ऊर्जेचे गतिज ऊर्जेच्या द्वारा विद्युत ऊर्जेत रूपांतर होते. १ किलोग्रॅम पाणी १०० मीटर खाली आले, तर सुमारे ९८० ज्यूल ऊर्जा उपलब्ध होते. त्यांपैकी ८८२ ज्यूल वीजरूपाने मिळाल्यास कार्यक्षमता ९० टक्के ठरते. उरलेली ९८ ज्यूल ऊर्जा नष्ट होत नाही. घर्षणादी कारणांनी ती मुख्यतः उष्णतारूपाने विखुरते.

केवळ अवयवार्थावरून पारिभाषिक अर्थ लावणारा विद्यार्थी येथे चुकतो, व ती चूक भाषेतून आलेली असते. रूढ झालेल्या संज्ञा बदलण्याचे कारण नाही. मात्र प्रत्येक संज्ञेबरोबर तिचे एकक, किंवा एककाचा अभाव, शिकविणे इष्ट होय.