सामुदायिक ज्ञानकोशाचा कारभार (लेखांक सहावा) : ताकिदीचा मजकूर

बिघडवलेला मजकूर पूर्ववत कसा करावा याचे विवेचन गेल्या लेखांकात झाले. परंतु मजकूर सावरला म्हणजे प्रकरण मिटले असे नव्हे. ज्याच्या हातून तो बिघडला त्याच्या चर्चापानावर दोन ओळी लिहाव्या लागतात, आणि पूर्ववत करण्याचे काम एका कळीने होत असले तरी या दोन ओळींनी भल्याभल्या संपादकांची परीक्षा पाहिली आहे.

इंग्रजी विकिपीडियावर अशा सूचनांच्या चार पायऱ्या रूढ आहेत. पहिल्या पायरीवर लिहिणाऱ्याचा हेतू शुद्धच होता असे गृहीत धरून, बदल मागे घेतल्याचे केवळ कळवावयाचे. दुसरीवर हेतूविषयी मौन पाळावयाचे. तिसरीवर थांबण्यास स्पष्ट बजावून संपादनास प्रतिबंध होऊ शकतो याची जाणीव द्यावयाची. आणि चौथी ती अखेरची ताकीद. अपराध फारच घोर असला तर मधल्या पायऱ्या गाळण्याचीही मुभा आहे. ही चढण वरवर पाहता निव्वळ दप्तरी सोपस्कार वाटते, पण उपद्रवाची फिर्याद प्रतिबंध घालण्याचा अधिकार असलेल्या प्रचालकापुढे जाते तेव्हा तो संबंधिताचे चर्चापान उघडून, त्याला पुरेशी समज मिळाली होती काय आणि ती मिळाल्यानंतरही तो तसाच वागला काय, हे आधी पाहतो. म्हणजे ताकिदीला वाचक दोन असतात, एक ज्याला ती दिली तो आणि दुसरा उद्या निवाडा करणारा. आणि माझ्या मते या लेखनातील बहुतेक दोष, दुसऱ्यावर डोळा ठेवून पहिल्याला विसरल्यामुळे उत्पन्न होतात.

विकिपीडियाने हे मोठी किंमत देऊन अनुभवले आहे. लेखकांची गर्दी वाढली तसे तयार साचे आणि ते क्षणार्धात डकवणारी हगल, ट्विंकल यांसारखी साधने आली, पुढे क्लूबॉट एनजी नावाचे स्वयंचलित यंत्र माणसाच्या आधी धावून जाऊ लागले. बंदोबस्त उत्तम झाला, पण इंग्रजी विकिपीडियावरील सक्रिय संपादकांची संख्या २००७ मध्ये शिखरास पोहोचून पुढे उतरू लागली, आणि नवख्यांचे असे कोरडे, यांत्रिक स्वागत हे त्याचे एक कारण असावे असे संशोधक म्हणू लागले. तेव्हा स्ट्युअर्ट गायगर, ॲरन हाफेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूचनांचे शब्दच बदलून प्रयोग केला व त्याचे फलित २०१२ साली प्रसिद्ध केले. कर्ता लपवून संस्थेच्या तोंडून बोलणाऱ्या प्रचलित सूचनांपेक्षा, 'मी अमुक, तुमचा बदल मी परतवला' असे स्वतःचे नाव सांगून जबाबदारी पत्करणाऱ्या सूचना पुष्कळच अधिक गुणकारी ठरल्या.

मराठीला हा निष्कर्ष विशेष लागू पडतो. परिपत्रकांच्या संस्काराने 'सूचित करण्यात येते की', 'योग्य ती कारवाई करण्यात येईल' ही वाक्ये आपल्या लेखणीतून नकळत उतरतात, आणि ती वाचणाऱ्याला आपल्याशी कोण बोलत आहे, शंका कोणाला विचारावी, याचा पत्ताच लागत नाही. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाची वस्ती इंग्रजीच्या मानाने फारच विरळ; तेथे एक नवखा बिथरून गेला तर त्याची जागा सहज भरून निघत नाही.

समजा, सोलापूरवरील लेखात कोणी आपल्या मित्राचे नाव थोर क्रीडापटू म्हणून घुसडले. त्याला 'उत्पात माजवणे हा गुन्हा आहे' असे लिहिणारे अनेक सापडतील, वास्तविक कायद्याची धमकी देणे हेच विकिपीडियाच्या धोरणाविरुद्ध आहे. त्याऐवजी असे लिहावे: 'नमस्कार. सोलापूर या लेखात तुम्ही घातलेले नाव मी काढले आहे, कारण त्याला संदर्भ दिलेला नव्हता. संदर्भ असल्यास जरूर द्या. केवळ लिहून पाहावयाचे असेल तर धूळपाटी मोकळी आहे. शंका असल्यास माझ्या चर्चापानावर विचारा.' कोणता लेख, काय केले, का काढले आणि विचारावे कोठे, हे सारे यात आले. 'उत्पाती' हे विशेषण तेवढे आले नाही, कारण ते एकदा चिकटले की वाद मजकुरावरून विशेषणावर घसरतो.

जुन्याजाणत्या सदस्याचे प्रकरण निराळे. चोवीस तासांत एकाच पानावर तीनपेक्षा अधिक वेळा बदल परतवू नयेत, हा इंग्रजी विकिपीडियावरील नियम त्याला पाठ असतो, किंबहुना तीनवर थांबून चोवीस तास उलटण्याची वाट पाहण्याइतका तो मुरलेला असतो; अशाला नवख्याचा साचा डकवणे म्हणजे डिवचणेच होय, आणि त्याच्याशी स्वतःच्या शब्दांत, वादाच्या मुद्द्यावर बोलावे हे उत्तम. उलट, निव्वळ चेष्टेसाठी आलेल्याला मजकूर जितका त्रोटक आणि बेचव मिळेल तितके बरे, कारण आपला संताप किंवा आपला विनोद हेच त्याचे बक्षीस असते.

राहता राहिली प्रतिबंध घातल्याची सूचना. प्रतिबंध हा शिक्षा म्हणून नसून पुढचे नुकसान टाळण्यासाठी असतो, तेव्हा त्या सूचनेत कारण, मुदत आणि प्रतिबंध उठवण्याची विनंती कोठे करावी या तीन गोष्टी असल्या म्हणजे पुरे, उपदेश नको. प्रतिबंधानंतरही सदस्याला बहुधा स्वतःच्या चर्चापानावर लिहिता येते, आणि तेथे आलेल्या विनंतीचा विचार सामान्यतः दुसऱ्या प्रचालकाने करावयाचा असतो. त्या दादफिर्यादीची पद्धत पुढील लेखांकात पाहू.