कपाटाला व्हार्निश लावण्यापूर्वी

आमच्या स्वयंपाकघरात सागाचे एक जुने कपाट आहे. शेगडीजवळची त्याची दारे काळपट आणि चिकट झाली होती. एका सुट्टीत मी व्हार्निशचा डबा आणला आणि दारांवर सरळ ब्रश फिरवला. दोन दिवस कपाट आरशासारखे चमकले. मग मुठीजवळचे व्हार्निश सालपटासारखे सुटू लागले. अम्मी म्हणाली, “मळ धुतलाच नाहीस, मग ते चिकटणार कशाला?”

अम्मीचे खरे होते. फोडणी देताना तेलाचे बारीक कण उडतात आणि लाकडावर बसतात. या तेलकट थरावर व्हार्निश धरत नाही.

दुसऱ्या वेळी मी आधी कपाट रिकामे केले. स्क्रू काढून दारे उतरवली. बिजागरी बसते त्या जागी पेन्सिलने क्रमांक लिहिले, नाहीतर कोणते दार कोठले हे शोधत बसावे लागते. हातमोजे घालून, कोमट पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवून दारे पुसली. नंतर साध्या पाण्याने पुसून ती सावलीत वाळवली. उन्हात फळी वाकते.

आता घासण्याचे काम. त्यासाठी लागणाऱ्या कागदाला आपण उर्दूत ‘रेगमाल’ म्हणतो. ‘रेग’ म्हणजे वाळू. मराठीत त्याला ‘काचकागद’ म्हणतात. दुकानात ‘पॉलिश पेपर’ मागितला तरी मिळतो. गंमत अशी, की आजच्या कागदावर बहुधा वाळूही नसते आणि काचही नसते! ॲल्युमिनियम ऑक्साइडसारख्या कठीण पदार्थाचे कण असतात. कागदाच्या मागे नंबर छापलेला असतो. नंबर जितका लहान, तितके कण जाड. ८० नंबरने जुना थर निघतो, १२० नंबरने ओरखडे कमी होतात आणि २२० नंबरने लाकूड गुळगुळीत होते. ८० वरून एकदम २२० वर जाऊ नये. कागद लाकडी ठोकळ्याला गुंडाळावा आणि लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच घासावे. आडवे घासल्यास पडलेले ओरखडे आधी दिसत नाहीत, व्हार्निश लावल्यावर मात्र ठळक उठतात.

कपाटावर जुना तैलरंग असेल, तर त्यात शिसे असू शकते. घरगुती रंगांत शिसे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, हा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा रंग घासला, तर विषारी धूळ उडू शकते. ती भांड्यांवर बसते आणि लहान मुलांच्या पोटात जाते. शिशामुळे मुलांच्या मेंदूची वाढ बिघडते. असा रंग मुळीच घासू नये. आमच्या कपाटावर रंग नव्हता, नुसते पॉलिश होते. तरीही मी दारे अंगणात नेली आणि नाकातोंडावर मास्क बांधला, कारण लाकडाची धूळही घशाला झोंबते.

स्पिरिटमध्ये लाख विरघळवून केलेले पॉलिश सुंदर दिसते. पण पाणी किंवा गरम पातेले लागले, की त्यावर पांढरे डाग पडतात. स्वयंपाकघरात व्हार्निशच बरे. धूळ टिपून व्हार्निशचा पातळ हात द्यावा. तो पूर्ण वाळल्यावर ३२० नंबरच्या कागदाने हलकेच घासून दुसरा हात द्यावा. जवळपास शेगडी पेटवू नये. व्हार्निशच्या चिंध्यांचा बोळा करून टाकू नये. त्यात तेल असेल, तर वाळताना चिंधी तापते आणि आपोआप पेटू शकते. ती बाहेर पसरून वाळवावी.

आमच्या कपाटाला चार रविवार लागले. त्यांपैकी तीन धुण्यात आणि घासण्यातच गेले. तोपर्यंत अम्मीचे मसाल्याचे डबे माझ्या पलंगाखाली होते.