बर्फावरचा आठ

मुलांनो, आठ हा आकडा तुम्ही तीन प्रकारे लिहिता. उर्दूतला आठ घराच्या उतरत्या छपरासारखा दिसतो. मराठीतला आठ एका बाजूने उघडा असतो. इंग्रजीतला आठ मात्र कुठेच उघडा नसतो. एकमेकांना चिकटलेली दोन वर्तुळे काढली, की तो तयार होतो. वहीत हा आठ काढायला क्षणभर पुरतो. हाच आठ जमिनीवर, चालत्या वाहनाने काढायचा असेल तर?

पस्तिसाव्या वर्षी मी स्कूटर शिकले. आमच्या बुवापाड्यातून शाळेपर्यंत रोज रिक्षाची वाट पाहण्यापेक्षा आपले वाहन बरे, असे मला वाटले. शिकाऊ परवाना मिळाला. महिनाभर सराव केला आणि पक्क्या परवान्याच्या परीक्षेला गेले. मैदानात फक्कीने मोठा इंग्रजी आठ आखलेला होता. पाय खाली न टेकता त्यावरून स्कूटर न्यायची होती. पहिले वर्तुळ नीट झाले. दुसऱ्या वर्तुळाकडे वळताना तोल गेला आणि पाय टेकला. माझ्या मागे अठरा-एकोणीस वर्षांची मुले रांगेत उभी होती. त्यांच्यासमोर, रोज इतरांची परीक्षा घेणारी शिक्षिका नापास झाली!

त्या संध्याकाळी घरी दूरदर्शनवर बर्फावरच्या स्केटिंगचा कार्यक्रम लागला होता. खेळाडू एका पायावर, वाऱ्यासारखे वळत होते. यांचा तोल कसा जात नाही, असा प्रश्न मला पडला. मी त्याविषयी वाचू लागले आणि एक गंमत कळली. या खेळाची सुरुवातही आठाच्या आकड्यापासूनच होते, आणि मोठ्या वयाची माणसेसुद्धा त्याची परीक्षा देतात. ती माहिती आज मी तुम्हांला सांगणार आहे.

आपल्या भागात बर्फ दिसतो तो गोळेवाल्याच्या गाडीवर किंवा मासळीच्या टोपलीत. त्यामुळे बर्फावरचे स्केटिंग आपल्याला परके वाटते. पण ते आपल्यापासून फार दूर नव्हते. १९८९ मध्ये मुंबईजवळ गोराई येथे एस्सेलवर्ल्ड हे मनोरंजन उद्यान सुरू झाले. तिथे यंत्राने गोठवलेल्या बर्फाचे रिंगण होते. २०२२ मध्ये हे उद्यान बंद झाले. सिमल्यातले उघड्यावरचे रिंगण १९२० पासूनचे आहे. तिथे हिवाळ्यात संध्याकाळी जमिनीवर पाणी शिंपडत आणि रात्रीच्या थंडीत ते गोठत असे. देहरादून येथे २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बंदिस्त रिंगण बांधण्यात आले.

चाकांचे स्केटिंग मात्र तुम्ही नक्की पाहिले असेल. त्यातही कलात्मक स्केटिंग हा एक प्रकार आहे. फरशीवर रंगवलेल्या वर्तुळांवरून खेळाडू आठ काढत जातात. २०१० मध्ये चीनमधील ग्वांगझू येथे आशियाई स्पर्धा झाल्या. तेथे भारताच्या अनुप कुमार यामा याने चाकांच्या कलात्मक स्केटिंगमध्ये कांस्यपदक मिळवले. अवनी पंचाल हिच्यासोबत जोडीच्या प्रकारातही त्याला कांस्यपदक मिळाले.

आता बर्फावरच्या बुटाकडे वळू. या बुटाच्या तळाला पोलादी पाते असते. त्याची जाडी साधारण ४ मिलिमीटर असते. दुरून पाहिले तर ते सुरीसारखे वाटते. पण सुरीला एक धार असते आणि या पात्याला दोन. पात्याच्या तळाला लांबीभर उथळ खोबण असते. त्यामुळे एक धार पायाच्या आतल्या बाजूला आणि दुसरी बाहेरच्या बाजूला तयार होते. पात्याच्या पुढच्या टोकाला करवतीसारखे दातही असतात. ते उड्या मारताना उपयोगी पडतात. नवशिक्या माणसाला मात्र तेच दात अडकून पाडतात!

या दोन धारांतच साऱ्या खेळाचे रहस्य आहे. सायकल वळवताना तुम्ही ज्या बाजूला वळायचे त्या बाजूला किंचित झुकता. स्केटिंगमध्येही तसेच होते. शरीर आत झुकले की पाते एका धारेवर टेकते आणि पाय आपोआप गोल वळू लागतो. उजव्या पायाच्या बाहेरच्या धारेवर झुकलात तर उजवीकडे वर्तुळ होते. त्याच पायाच्या आतल्या धारेवर झुकलात तर डावीकडे. दोन पाय, दोन धारा, पुढे जाणे आणि मागे जाणे. असे एकूण आठ प्रकार झाले. पाहा, इथेही आठच!

पूर्वी या खेळात आठाला फार मान होता. खेळाडू स्वच्छ बर्फावर एका पायाने आठ काढत. त्याच रेषेवरून पुन्हा पुन्हा जात. मग परीक्षक बर्फावर वाकून रेषा तपासत. वर्तुळ गोल आहे का, रेषा एकावर एक पडल्या आहेत का, हे ते पाहत. एके काळी स्पर्धेतल्या गुणांपैकी ६० टक्के गुण या आकृत्यांना असत. पण प्रेक्षकांना त्यात रस वाटेना. दूरदर्शनवर तर उड्या आणि गिरक्याच दाखवल्या जात. अखेर १९९० मध्ये जागतिक स्पर्धांतून या आकृत्या काढून टाकण्यात आल्या.

स्पर्धेतून आकृत्या गेल्या. पण धारेवर ताबा नसेल तर उडी कशी मारणार? म्हणून अमेरिकेतील स्केटिंग संघटनेने सरावाच्या जुन्या आणि नव्या हालचाली घेऊन कौशल्याच्या परीक्षा ठरवल्या. या संघटनेची स्थापना १९२१ मध्ये झाली. तिच्या परीक्षा मुलांसाठी वेगळ्या आणि प्रौढांसाठी वेगळ्या असतात. लहानपणी ज्यांना हा खेळ मिळाला नाही, अशी माणसे तिशीत, पन्नाशीत आणि त्यानंतरही या परीक्षांना बसतात. प्रौढांच्या परीक्षेच्या पहिल्या चार पायऱ्या आहेत: पूर्वकांस्य, कांस्य, रौप्य आणि सुवर्ण.

या परीक्षेत उड्या नसतात. उड्या आणि गिरक्यांची परीक्षा वेगळी होते. इथे विचारतात ते अगदी मूळचे धडे. रिंगणाच्या कडेने लांब, दमदार पावले टाकत जाणे. एका धारेवरून अर्धे वर्तुळ, मग दुसऱ्या पायाने दुसरे अर्धे वर्तुळ काढत जाणे. एक पाय दुसऱ्यावरून ओलांडून वळणे. याला क्रॉसओव्हर म्हणतात. एकाच पायावर पुढून मागे फिरणे. या वळणाची बर्फावरची खूण तीनच्या आकड्यासारखी उमटते, म्हणून त्याला तीनचे वळण म्हणतात. आणि आपला ओळखीचा आठ.

हा आठ किती मोठा असतो, ते पाहू. प्रत्येक वर्तुळाचा व्यास खेळाडूच्या उंचीच्या साधारण तिप्पट धरतात. समजा, एका बाईंची उंची १६० सेंटिमीटर आहे. मग वर्तुळाचा व्यास सुमारे ४.८ मीटर झाला. परिघ काढा. तो सुमारे १५ मीटर येतो. म्हणजे मध्यावर थांबून एकदाच पायाने रेटा द्यायचा आणि एका पायावर १५ मीटर जाऊन पुन्हा मध्यावर यायचे. रेटा कमी पडला तर वर्तुळ पूर्ण होत नाही. जास्त झाला तर आकार बिघडतो. मध्यावर आल्यावर पाय बदलायचा आणि दुसऱ्या बाजूला तसेच वर्तुळ काढायचे. माझी स्कूटर डगमगली होती ती नेमकी याच जागी. एका बाजूचा झोक सोडून दुसऱ्या बाजूला झुकायचे असते तो क्षण सर्वांत अवघड.

मोठ्या माणसांची तयारी कशी होते? लहान मूल पडते आणि हसत उठते. मोठ्या माणसाला पडण्याची भीती वाटते. त्याला दुसऱ्या दिवशी कामावर जायचे असते. घरची जबाबदारी असते. हाड मोडले तर बरे व्हायला वेळ लागतो. म्हणून पहिला धडा चालण्याचा नसून पडण्याचा असतो! गुडघे वाकवायचे, शरीर खाली आणायचे आणि मागे न पडता एका कुशीवर पडायचे. पडल्यावर हाताच्या मुठी मिटायच्या, म्हणजे कुणाचे पाते बोटांवरून जाणार नाही. मग आधी गुडघ्यांवर यायचे, एक पाऊल टेकायचे आणि उठायचे. पडावे कसे हे कळले, की निम्मी भीती जाते.

दुसरा धडा गुडघ्यांचा. भीती वाटली की माणूस ताठ होतो आणि खाली पायांकडे पाहतो. बर्फावर हीच दोन कामे त्याला पाडतात. गुडघे नरम ठेवावेत आणि नजर समोर ठेवावी, असे शिक्षक सांगत राहतात.

तिसरा धडा कमकुवत बाजूचा. प्रत्येक माणसाची एक बाजू चांगली असते. उजव्या पायावर जमते ते डाव्यावर जमत नाही. परीक्षेत मात्र दोन्ही बाजू पाहतात. म्हणून जी बाजू कच्ची, तिचा सराव दुप्पट करावा लागतो. माणसाला जे येते तेच पुन्हा पुन्हा करायला आवडते. तुम्हांलाही हा अनुभव असेल. येणारी गणिते आपण भराभर सोडवतो आणि न येणारी पाने उलटून टाकतो.

चौथा धडा जमिनीवरचा. बर्फावर रोज जाणे परवडत नाही. तेव्हा ही माणसे घरी एका पायावर उभी राहतात, पायऱ्या चढतात, कंबर आणि घोटे मजबूत करतात. उर्दूत आपण तोलाला तवाजुन आणि सरावाला मश्क म्हणतो. तवाजुन हवा असेल तर मश्क हवीच.

परीक्षेच्या दिवशी रिंगण मोकळे असते. थोडा वेळ सरावाला मिळतो. मग परीक्षार्थी एकटाच बर्फावर उरतो. परीक्षक कडेला कागद घेऊन बसलेले असतात. पात्याचा बर्फावर होणारा खरखर आवाजही स्पष्ट ऐकू येतो. परीक्षक काय पाहतात? धार पक्की आहे का, वेग टिकतो का, शरीर सरळ आहे का, दोन्ही बाजू सारख्या आहेत का. एखादी हालचाल चुकली तर परीक्षक ती पुन्हा करून दाखवायला सांगू शकतात.

आणि निकाल? मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच. जमले तर निकालाच्या कागदावर उत्तीर्ण झाल्याचा शेरा असतो. न जमले तरी शेरा ‘नापास’ असा नसतो. तिथे लिहिलेले असते, ‘पुन्हा प्रयत्न करा’. पुष्कळ माणसांना पहिल्या खेपेला हाच शेरा मिळतो. ती घरी जातात, कोणती धार कच्ची होती ते पाहतात आणि पुन्हा सरावाला लागतात.

अशा प्रौढ स्केटरांच्या स्पर्धाही होतात. अमेरिकेत १९९५ पासून त्यांची राष्ट्रीय स्पर्धा भरते. जर्मनीतील ओबर्स्टडॉर्फ या गावी २००५ पासून त्यांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा होऊ लागली. तिथे वयाची किमान अट २८ वर्षे आहे! ज्या वयात इतर खेळाडू निवृत्तीचा विचार करतात, त्या वयात इथे प्रवेश मिळतो. तिथे आजीआजोबाही उतरतात.

ही सारी माहिती वाचून मी पुन्हा स्कूटरकडे वळले. माझी कच्ची बाजू उजवी होती. बुवापाड्यातल्या मोकळ्या मैदानात विटांचे तुकडे ठेवून मी आठ आखला. रोज संध्याकाळी वीस वेळा उजवीकडून वळू लागले. सुरुवातीला मुले हसत. चार दिवसांनी तीच मुले विटा लावून द्यायला येऊ लागली. एक जण ओरडून सांगे, “टीचर, खाली बघू नका, समोर बघा!” कुणी न शिकवता त्याला स्केटिंगचा दुसरा धडा ठाऊक होता. दुसऱ्या खेपेला माझा पाय टेकला नाही.

मुलांनो, तुमच्याही घरात कुणीतरी मोठे माणूस काहीतरी नवे शिकत असेल. अम्मी मराठीत सही करायला शिकत असेल. अब्बा मोबाइलवरून विजेचे बिल भरायला शिकत असतील. मोठा भाऊ कारखान्यात वेल्डिंगच्या परीक्षेची तयारी करत असेल. त्यांचे चुकले तर हसू नका. मोठ्या माणसाला चुकायची लाज जास्त वाटते. तुम्ही त्यांच्या विटा लावून द्या.

आणि तुमच्या प्रगतिपुस्तकात एखाद्या विषयाखाली लाल रेघ आली, तर तिथे पेन्सिलीने हळूच लिहा, ‘पुन्हा प्रयत्न करा’. मग कोणती बाजू कच्ची आहे ते शोधा. आज संध्याकाळी मैदानात सायकलने एक आठ काढून पाहा. पाय न टेकता किती वेळा जमतो, ते उद्या वर्गात सांगा.