घरच्यांनाही ठाऊक नसलेले सैनिक

युद्ध म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गणवेशातली फौज येते. पण दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत अशी एक फौज उभी राहिली होती, की तिची खबर शेजाऱ्याला नव्हती आणि बायकोलाही नव्हती. तिची हकीकत आम्ही आज सांगणार आहोत.

१९४० च्या जून महिन्यात फ्रान्स पडले. आता जर्मन फौज खाडी ओलांडून आपल्यावर येणार, अशी धास्ती इंग्लंडला पडली. तेव्हा कर्नल कॉलिन गबिन्स या अधिकाऱ्यावर एक गुप्त काम सोपवण्यात आले. शत्रू किनाऱ्यावर उतरून पुढे सरकला, तर त्याच्या पाठीमागे राहून घातपात करणाऱ्या टोळ्या तयार करायच्या. या दलाला 'ऑक्झिलरी युनिट्स' असे साधे नाव दिले. नावावरून कोणाला काही कळू नये, हाच हेतू.

यात माणसे घेतली ती कोण? शेतकरी, शेतमजूर, जंगलाचे राखणदार, खाणकामगार, इतकेच काय, चोरून शिकार करणारेही! कारण गावाचा ओढा, बांध आणि रान त्यांना अंधारातही पाठ होते. चार ते आठ जणांची एक टोळी. जमिनीखाली खोदलेली लपण्याची खोली, वर झाडोऱ्याने झाकलेले दार, आत झोपण्याच्या फळ्या, दारूगोळा आणि सुमारे दोन आठवड्यांचे अन्न. लढाई सुरू झाल्यावर आपण त्याहून फार दिवस जगणार नाही, हे त्यांना माहीत होते.

प्रशिक्षण कोल्सहिल येथील एका मोठ्या वाड्यात होई. तिथे जाणाऱ्याने आधी हायवर्थ गावच्या पोस्टात हजर व्हायचे. तिथल्या पोस्टमास्तरीण मेबल स्ट्रँक्स ओळख तपासत, आत जाऊन फोन करीत आणि मगच गाडी येई. एवढ्या मोठ्या गुपिताची पहिली चौकी एका पोस्टातल्या बाईच्या हाती होती! याच दलाच्या दुसऱ्या शाखेत गावातल्या स्त्रियाही होत्या. शत्रूच्या हालचाली टिपून चिठ्ठ्या ठरलेल्या जागी लपवून ठेवायच्या, हे त्यांचे काम.

आता घरची बाजू पाहा. प्रत्येकाने गुप्ततेच्या कायद्याखाली सही केलेली. रात्री बाहेर कुठे जातो, हे घरी सांगायची सोय नाही. धडधाकट असून हा सैन्यात का जात नाही, असे टोमणे काहींना ऐकावे लागले. त्यांनी ते मुकाट्याने गिळले. आणि हल्ला झालाच असता, तर त्यांच्या घातपाताचा सूड शत्रूने गावावर उगवला असता. १९४२ साली चेकोस्लोव्हाकियातील लिडिसे गावाचे काय झाले, ते जगाला ठाऊक आहे. पुरुषांना गोळ्या घातल्या, बायकांना छळछावणीत धाडले, गाव जमीनदोस्त केले.

सुदैवाने इंग्लंडवर ती वेळ आली नाही. नोव्हेंबर १९४४ मध्ये दल बरखास्त झाले. काम गुप्त असल्याने जाहीर गौरव होणार नाही, असे त्यांना कळवण्यात आले. कोटावर लावायचा एक छोटा बिल्ला तेवढा मिळाला. माणसे पुन्हा नांगराला लागली. कित्येकजण घरच्यांना काही न सांगताच गेले. पुढे २०१३ साली लंडनच्या युद्धस्मारकापुढील संचलनात या दलातील वृद्ध सैनिक प्रथमच उघडपणे चालले. तोवर जवळजवळ सत्तर वर्षे लोटली होती.

आम्हाला वाटते, इतिहास सेनापतींची नावे लिहितो. पण वेळेला उभी राहतात ती हीच साधी माणसे. आपल्याही घरातले म्हातारे पुष्कळ काही मनात घेऊन बसलेले असतात. त्यांच्याजवळ बसा, विचारा, ऐका आणि लिहून ठेवा. ते गेल्यावर विचारायला कोणी उरत नाही.