विधी व व्यवस्थापन संयुक्त पदवी : उपयुक्ततेचा विचार

प्रस्तावना

बारावीनंतर पाच वर्षांत बी.बी.ए. व एलएल.बी. अशा दोन पदव्या देणारा एकात्मिक अभ्यासक्रम वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना विशेष आकर्षित करतो. पुण्यातील सिम्बायोसिस लॉ स्कूलसारख्या संस्थांत तो शिकवला जातो. त्यामुळे एक वर्ष वाचते आणि वकिली व व्यवस्थापन अशी दोन्ही क्षेत्रे खुली होतात, असे त्याचे समर्थन केले जाते. यातील पहिले विधान खरे आहे, बी.कॉम. नंतर तीन वर्षांचा एलएल.बी. केल्यास सहा वर्षे लागतात. दुसऱ्या विधानाची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

अमेरिकेतील जे.डी.-एम.बी.ए. या अभ्यासक्रमाशी त्याची तुलना केली जाते, ती फसवी आहे. तेथील दोन्ही पदव्या पदवीनंतरच्या आहेत. आपल्याकडील बी.बी.ए. ही प्रथम पदवी असून व्यवस्थापनातील वरिष्ठ पदांसाठी बहुधा पुढे एम.बी.ए. करावेच लागते. ते धरल्यास पाचाची सात वर्षे होतात.

सनद आणि नोकरी

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या व्यावसायिक आचारनियमांतील नियम ४९ नुसार वकिली करणाऱ्या व्यक्तीस पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. नोकरी स्वीकारल्यास तसे कळवून वकिली थांबवावी लागते. नियम ४७ प्रमाणे तिला स्वतः व्यापार करता येत नाही, तर नियम ४८ प्रमाणे कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक वा सचिव होता येत नाही. म्हणजे पदव्या दोन असल्या तरी व्यवसाय एका वेळी एकच. कंपनीच्या पगारी विधी अधिकाऱ्यास वकिलाला मिळणारे गोपनीयतेचे वैधानिक संरक्षण लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केले. त्यामागेही हाच भेद आहे.

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम २०३ नुसार नोंदणीकृत शेअर बाजारातील कंपन्यांना कंपनी सचिव नेमणे बंधनकारक आहे. त्या पदासाठी इन्स्टिट्यूट ऑफ कंपनी सेक्रेटरीजचे सदस्यत्व लागते, संयुक्त पदवी पुरत नाही. राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे तर वकिलांबरोबर सनदी लेखापाल, परिव्यय लेखापाल व कंपनी सचिवही उभे राहू शकतात.

खरा उपयोग

मग या पदवीचे मोल कशात? ते वकिलीतच आहे, परंतु विशिष्ट वकिलीत. नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ हे त्याचे उत्तम उदाहरण होय. आजारी कंपनीच्या पुनरुज्जीवनाच्या योजनेस वित्तीय धनकोंच्या समितीची किमान ६६ टक्के मते लागतात. माल पुरवणाऱ्या लहान धनकोंना त्या समितीत सामान्यतः मत नसते. मात्र कंपनी मोडीत काढल्यास जेवढे मिळाले असते त्याहून कमी रक्कम त्यांना देता येत नाही. ही अट पाळली गेली की नाही, हे मूल्यांकनाचा अहवाल व ताळेबंद वाचता येणाऱ्या वकिलालाच नेमके दाखवता येते. केवळ कलमे पाठ असणाऱ्याचे ते काम नव्हे. अशा वकिलीचा निश्चय झालेल्या विद्यार्थ्यास हा अभ्यासक्रम निःसंशय लाभदायक आहे.

परतीचा मार्ग

अडचण निश्चय न झालेल्यांची आहे, आणि सतरा-अठराव्या वर्षी बहुसंख्य विद्यार्थी त्याच अवस्थेत असतात. विधी शिक्षण नियम, २००८ मधील नियम १३ अन्वये एकात्मिक अभ्यासक्रमाचे विभाजन करून मधल्या टप्प्यावर पदवी देता येत नाही. तीन वर्षे उत्तीर्ण होऊन बाहेर पडणाऱ्यास बी.बी.ए. सुद्धा मिळत नाही. शुल्क कर्ज काढून भरणाऱ्या कुटुंबासाठी ही किरकोळ बाब नव्हे. प्रवेशपूर्व मार्गदर्शनात हा नियम शुल्काच्या तक्त्याइतक्याच ठळकपणे मांडला गेला पाहिजे. बी.कॉम. करून विधीकडे वळणारा एक वर्ष अधिक खर्च करतो. पण तिसऱ्या वर्षाअखेर मन बदलले तरी त्याच्या हाती एक पूर्ण पदवी असते.