भाषेचा उंबरठा

उन्हाळ्यात माठातील पाणी गार का राहते, असे विचारले तर तुमच्यापैकी पुष्कळजण चटकन उत्तर देतील. माठाच्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेर झिरपते व त्याची वाफ होते. वाफ होण्यास लागणारी उष्णता आतील पाण्यातून घेतली जाते, म्हणून ते पाणी थंड होते. आता हाच प्रश्न नुकत्याच शिकू लागलेल्या इंग्रजीतून विचारला तर? उत्तर ठाऊक असलेला विद्यार्थीही थबकेल. ‘इव्हॅपोरेशन’ हा शब्द आठवेपर्यंत दुसऱ्याची पाळी येईल, आणि शेजाऱ्यांस वाटेल की, याला काहीच येत नाही. वस्तुतः त्याच्याजवळ ज्ञान होते. नव्हता तो केवळ शब्द.

असे का घडते? विज्ञान शिकताना मनाला नवी कल्पना समजून घ्यावयाची असते. ती अपरिचित भाषेतून आली, की आधी वाक्याचा अर्थ लावावा लागतो आणि मग कल्पनेचा. मन एका वेळी थोडेच ओझे पेलू शकते. त्याची बरीचशी शक्ती शब्दांतच खर्ची पडली, तर कल्पनेसाठी ती अपुरी पडते. शिवाय काही शब्द फसवे असतात. विजेरीतला ‘सेल’ सर्वांच्या ओळखीचा. पण वनस्पतींच्या पाठात तोच शब्द आला, की विद्यार्थी गोंधळतो. मराठीत एकाला विद्युतघट व दुसऱ्याला पेशी म्हणतात. मराठीतील शास्त्रीय शब्दही काही वेळा जड वाटतात, हे खरे. ‘प्रकाशसंश्लेषण’ हा शब्द प्रथम ऐकताना दचकायला होते. तथापि त्यातील ‘प्रकाश’ ओळखीचा असल्यामुळे दार थोडे तरी किलकिले होते.

महात्मा गांधींनाही हा अनुभव आला होता. राजकोटच्या शाळेत चौथ्या इयत्तेपासून बहुतेक विषय इंग्रजीतून शिकवीत. भूमितीचा विषय नवा आणि भाषाही परकी. शिक्षक चांगले शिकवीत. परंतु मोहनदासास काही उमगेना. खालच्या वर्गात परत जावे, असेही त्याच्या मनात येई. पुढे नेटाने अभ्यास करता करता तो युक्लिडच्या तेराव्या सिद्धान्तापर्यंत पोहोचला, तेव्हा हा विषय किती सोपा आहे हे त्याला एकदम कळून आले. १९३८ साली गांधीजींनी लिहिले की, गणित, रसायन इत्यादी विषय जे शिकावयास आपल्याला चार वर्षे लागली, ते गुजरातीतून एका वर्षात सहज शिकता आले असते.

ही एकट्याचीच गोष्ट नव्हे. हाँगकाँगमधील मुलांची घरची भाषा चिनी. तेथील ५६ शाळांतील बारा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची माध्यमिक शाळेतील पहिल्या तीन वर्षांची प्रगती संशोधकांनी तपासली व २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. इंग्रजीतून शिकणारे विद्यार्थी इंग्रजी विषयात पुढे गेले. परंतु इतिहास, भूगोल व विज्ञान यांत ते बरेच मागे पडले. गणितात मात्र फरक थोडा होता. हे साहजिकच आहे. कारण गणिताची चिन्हे सर्वांना सारखी, तर विज्ञानात कारणे शब्दांनीच सांगावी लागतात.

गुणांपेक्षाही मोठी हानी होते ती आत्मविश्वासाची. बोलताना चूक होईल या भीतीने मूल प्रश्न विचारीत नाही. न समजलेली वाक्ये ते पाठ करते. हळूहळू त्याला वाटू लागते, ‘आपल्याला विज्ञान जमत नाही.’ अडचण भाषेची असते. दोष मात्र ते आपल्या बुद्धीला देते.

याच्या उलट उदाहरण जगदीशचंद्र बसूंचे. १८५८ साली जन्मलेल्या या शास्त्रज्ञास वडिलांनी प्रथम बंगाली पाठशाळेत घातले. तेथे एका चपराशाचा व एका कोळ्याचा मुलगा त्यांच्या शेजारी बसत. त्यांच्याकडून ऐकलेल्या पशुपक्ष्यांच्या व जलचरांच्या गोष्टींमुळे आपल्या मनात निसर्गाविषयी कुतूहल जागे झाले, असे बसूंनी पुढे सांगितले. नंतर ते इंग्रजी शिकले, केंब्रिजला गेले आणि जगन्मान्य झाले. विज्ञानाची गोडी मात्र आपल्या भाषेत आधीच लागलेली होती.

म्हणून इंग्रजी शिकू नये, असा याचा अर्थ नव्हे. जगातील पुष्कळसे विज्ञान त्या भाषेत आहे, आणि मराठी शाळांतील सेमी-इंग्रजी वर्गांत विज्ञान इंग्रजीतूनच शिकवतात. अशा वेळी क्रम सांभाळावा. प्रथम प्रयोग करून पाहावा, घडले ते आपल्या भाषेत स्वतःच्या शब्दांत सांगावे, आणि मग त्याचे इंग्रजी नाव शिकावे. अर्थ कळलेला असला, की नाव लक्षात राहते.

आणखी एक गोष्ट आपण ध्यानात ठेवली पाहिजे. गडचिरोलीच्या माडिया मुलास, मेळघाटातील कोरकू मुलीस किंवा नंदुरबारकडील भिली बोलणाऱ्या बालकास मराठी हीच दुसरी भाषा असते. आपल्याला इंग्रजी पाठ जसा वाटतो, तसाच त्यांना हा मराठी पाठ वाटत असेल. तुमच्या वर्गात असा कोणी गप्प बसलेला असेल, तर त्याला हसू नका. त्याला त्याच्या भाषेत उत्तर सांगू द्या, आणि मग मराठी शब्द सगळ्यांनी मिळून शोधा. त्या निमित्ताने त्याच्या भाषेतील एक शब्द तुम्हीही शिकाल.